अंगठ्याखालचं नाव

(रत्नागिरीत कचेरीसमोरचं खंडूचं झेरॉक्सचं दुकान. सकाळचे साडेअकरा. ठाण्याची दीपाली आणि तिची आई सत्यवती आरे-वारेच्या बाजूची एक जागा बघून खंडूबरोबर नुकत्याच परतल्या आहेत.)

दीपाली : म्हणजे तुम्ही एजंट नाही?

खंडू : नाय हो मॅडम. एजंट म्हंजे फसवणारा. मी आपला मध्यस्थ. बसा ना. काकू, तुम्ही त्या पंख्याखालच्या खुर्चीत बसा. दुसऱ्या खुर्चीचा पाय जरा इकडंतिकडं करतो.

दीपाली : काल रिक्षावाला पण हेच म्हणाला. मी एजंट नाही, पण माझ्याकडे एक जागा आहे. लॉजचा मॅनेजर म्हणाला, मी एजंट नाही, पण मेव्हण्याकडे दोन आहेत. मिरकरवाड्याला बांगडे घ्यायला गेले, तर बांगडे कापता कापता ती बाई म्हणते, ताई, समुद्राला लागून वीस गुंठे हायत, बघता का?

खंडू : कोण, गंगुबाई? तिचे वीस गुंठे ओहोटीचे. भरतीला बाराच भरतात.

दीपाली : घ्या! इंटरनेटवर लिहिलं होतं, कोकणात जागा घेताना स्थानिक एजंट गाठा. इथे सगळं गावच स्थानिक आणि एजंट कोणीच नाही.

खंडू : म्हणून तर सांगतो, बरोबर ठिकाणी आलात. आता बोला, जागा कशी वाटली? समुद्र दिसला का नाय?

दीपाली : दिसला. जागा सुंदर आहे, खोटं कशाला बोलू. तो कातळ, ती बारीक निळी फुलं... आई तर अर्धा तास त्या दगडी कुंपणाला हात लावून उभी होती.

सत्यवती : गडगा म्हणतात त्याला. कुंपण नाही.

खंडू : बघा, काकूंना ठाऊक हाय.

सत्यवती : खालच्या अंगाची विहीर बुजवली का रे?

खंडू : नाय, हाय ना. पाणी पण हाय. पण काकू, मी तर तुम्हाला खाली नेलंच नाय. विहिरीचं कसं कळलं?

सत्यवती : एवढा गडगा घालणारा माणूस पाण्याशिवाय घालेल होय? असणारच विहीर.

दीपाली : आई, पदर जरा सैल कर. घामाघूम झाली आहेस. एवढ्या उकाड्यात कसली ही जाड साडी नेसलीस?

सत्यवती : नवीन आहे.

दीपाली : नवीन? डांबरगोळ्यांचा वास येतोय तिला.

सत्यवती : घडी आज मोडली. म्हणजे नवीनच.

दीपाली : बरं बाई. खंडूभाऊ, आता कागद. सातबारा दाखवा.

खंडू : हा काय. बघा.

दीपाली : अंगठा काढा ना.

खंडू : अंगठा तिथंच ऱ्हाणार मॅडम. अंगठ्याखाली मालकांची नावं हायत.

दीपाली : अहो, तीच तर बघायची आहेत! आणि वर ही कागदाची पट्टी का चिकटवली आहे?

खंडू : तिथं गट नंबर हाय. नंबर कळला की तुम्ही मोबाइलवर दोन मिनिटांत नावं काढणार, आणि नावं कळली की थेट मालकाच्या ओट्यावर जाऊन बसणार. मागं पुण्याच्या एका साहेबांना विश्वासानं नाव दाखवलं मी. चहा सांगायला म्हणून बाहेर गेलो, परत येतोय तर साहेब गायब. पंधरा दिवसांनी खरेदी झाली. मला पेढा पण नाय आला. तेव्हापासून हा अंगठा खरेदीच्या दिवशीच उठतो.

दीपाली : मग मला दिसतंय काय?

खंडू : क्षेत्र दिसतंय. आणि पिकाच्या रकान्यात बघा, गवत पड.

दीपाली : म्हणजे मी गवत बघून जमीन घ्यायची. टायटल तरी क्लिअर आहे का?

खंडू : एकदम क्लिअर. फक्त चौदा नावं हायत.

दीपाली : चौदा!

खंडू : चौदा म्हंजे कोकणात एकट्याचीच जागा धरतात मॅडम. माझ्याकडं एक आंब्याची बाग हाय, तिला एकसष्ट नावं. त्यातले चार बहारीनला, एक संन्यासी झाला, आणि दोघं एकमेकांशी बोलत नायत म्हणून एकाच दिवशी कचेरीत येत नायत. त्यामानानं हे घर सोन्यासारखं. तेरा जण सहीला तयार.

दीपाली : आणि चौदावा?

खंडू : चौदावी. मोठ्या मालकाची बहीण. तिचं काय नाय, ती वारली.

सत्यवती : वारली?

खंडू : हां. मुंबईला.

सत्यवती : कधी?

खंडू : झाली असतील... बरीच वर्षं झाली.

सत्यवती : कशानं?

खंडू : आता ते काय मी इचारलं नाय काकू. वयानं वारली असेल.

सत्यवती : बरीच वर्षं झाली म्हणतोस आणि वयानं वारली म्हणतोस. कशाचा कशाला मेळ नाही.

दीपाली : आई, थांब. खंडूभाऊ, मृत्यूचा दाखला आहे?

खंडू : तेवढाच नाय. मुंबईत कुठल्या वॉर्डात गेली, कोणाला ठाऊक नाय. नवऱ्याचं आडनावसुद्धा इथं धड कोणाला आठवत नाय. मोठ्या मालकांना ठाऊक असेल, पण ते तोंड उघडत नायत. पण त्याचं करतोय मी. गावातल्या पाच माणसांचे जबाब घ्यायचे, की बाबा, ही बाई हयात नाय. मग तिचं नाव कमी होईल.

दीपाली : आणि ती पाच माणसं कशाच्या जोरावर सांगणार?

खंडू : म्हाळाच्या! पितृपक्षात दरवर्षी त्या घरी तिच्या नावाचं पान वाढतात. सगळी वाडी बघते. जिवंत माणसाचं पान कोण वाढेल काय?

सत्यवती : दरवर्षी?

खंडू : म्हंजे... तीन वर्षं झाली.

दीपाली : आणि जागा विकायला काढून किती वर्षं झाली?

खंडू : ...तीनच.

दीपाली : वा!

खंडू : आता तुमच्यापाशी लपवून काय करू? मीच सुचवलं. नितेश, म्हंजे धाकटा मालक, सारखा म्हणायचा, आत्येची सही कुठून आणू? त्याला म्हटलं, बाबा, सही नसली तर पान वाढ. कागदाला कागद लागतो, पण साक्षीदाराला डोळ्यांनी बघितलेलं लागतं. आज त्यांच्याकडं म्हाळच हाय. म्हणून तर नितेश जागेवर आला नाय. नायतर तोच तुम्हाला शहाळी पाजणार होता.

दीपाली : मला हे पटत नाही हां. उद्या ती बाई दारात उभी राहिली तर?

खंडू : नाय ऱ्हात हो. असती तर तीस वर्षांत एकदा तरी माहेरी आली असती ना? बाईमाणूस माहेर सोडतं काय?

सत्यवती : काय वाढतात?

खंडू : आं?

सत्यवती : पानावर. त्या मेलेल्या बाईच्या पानावर काय वाढतात?

खंडू : नेहमीचंच. वडे, काळ्या वाटाण्याची आमटी, भोपळ्याची भाजी, खीर. आणि तिच्या पानाला भाजलेला फणसाचा पापड वेगळा ठेवतात.

सत्यवती : फणसाचा पापड? तो कोणी सांगितला?

खंडू : मोठे मालक ठेवतात स्वतः. म्हातारा तिचं पान वाढताना रडतो. दरवर्षी. नितेशला मी बोललो पण, हे बेस झालं, गाव बघतंय. तर नितेश म्हणतो, खंडूदा, बाबांना आम्ही रडायला नाय सांगितलेलं.

सत्यवती : रडतो?

खंडू : ढसाढसा. खोटं कोण रडेल मॅडम? तुम्हीच सांगा. म्हंजे बाई वारलेलीच असणार.

दीपाली : आई, पाणी हवंय का? काय झालं?

सत्यवती : काही नाही. धुळीचं गेलं डोळ्यात. तू तुझं बोलणं पुरं कर.

दीपाली : हे बघा खंडूभाऊ. आधी ती बाई खरंच गेली का याचा छडा लावा, मग पुढचं बोलू.

खंडू : लावतो. पण त्याआधी तुमच्याकडून एक लागेल. तुमच्या नावावर कुठं शेतजमीन हाय?

दीपाली : माझ्या? नाही. ठाण्याचा टू बीएचके आहे.

खंडू : टू बीएचकेवर भात लावता का? नाय ना? मग पंचाईत. शेतजमीन घ्यायची तर घेणारा शेतकरी लागतो. मिस्टरांच्या घराण्यात?

दीपाली : त्यांच्याकडे सगळे मास्तर.

खंडू : वडलांच्या?

दीपाली : बाबा छापखान्यात होते. जन्म भाड्याच्या खोलीत गेला.

खंडू : अरे देवा. मग काकूंच्या माहेरी? काकूंच्या नावे कुठं सातबारा असला, तर काकूंच्या नावे खरेदी करू. काकूंनंतर तुमचीच.

दीपाली : आईचं माहेर याच भागातलं, पण आता तिथे कोणीच उरलेलं नाही. एकच मामा होता, तो मी शाळेत असताना गेला. आईला एकदा तरी तिच्या मुलखात आणावं, समोर समुद्र दिसेल असं छोटं घर बांधून द्यावं, म्हणून तर ही सगळी वणवण. तिनंच सांगितलं, आरे-वारेच्या बाजूला बघ म्हणून.

खंडू : कुठंच नाय म्हंजे मग मला जरा वेगळी खटपट...

सत्यवती : खटपट नको. माझ्या नावे आहे.

दीपाली : तुझ्या नावे? कुठे?

सत्यवती : त्याच्या अंगठ्याखाली.

खंडू : काकू, थट्टा करू नका.

सत्यवती : उचल अंगठा. शेवटून वाच.

खंडू : शेवटून? चौदा... सत्यवती गंगाराम धनावडे.

सत्यवती : मीच ती. वयानं वारलेली.

दीपाली : आई!

खंडू : ओ काकू, असं कसं? एका नावाची चार माणसं असतात. तुमचं आधार कार्ड?

सत्यवती : त्यावर नवऱ्याचं नाव आहे. त्याचा इथं उपयोग नाही. त्यापेक्षा तू मला सांग, तुझ्या मोठ्या मालकाच्या, सदूच्या, डाव्या भिवईवर खोक आहे का?

खंडू : सदूभाऊंच्या? हाय. ते सांगतात, बैलानं मारलंन.

सत्यवती : बैल कुठला! गडग्यावर चढून मला वाकुल्या दाखवत होता, मी ढकललं. आई विचारायला आली तर बैलावर ढकललंन त्यानं. मार मिळू दिलान नाही मला. फणसाचे पापड चोरून भाजायचो आम्ही दोघं, विहिरीच्या मागं. आईला ठाऊक नव्हतं, बापाला ठाऊक नव्हतं. तुझ्या त्या पाच साक्षीदारांना कुठून ठाऊक असणार?

खंडू : आयला...

दीपाली : थांबा. दोघंही थांबा. आई, सदू म्हणजे सदूमामा? तो जिवंत आहे?

सत्यवती : आत्ताच ऐकलंस ना? पान वाढतो, रडतो. मेलेला माणूस एवढं करतो होय?

दीपाली : पण तूच मला सांगितलंस की तो गेला! मी रडले होते शाळेत. बाईंनी मला घरी पाठवलं होतं!

सत्यवती : सांगितलं होतं. तू दर सुट्टीत विचारायचीस, मामाकडे कधी जायचं म्हणून. एकदा चिडून सांगून टाकलं, मामा मेला. मग ते मागं घ्यायला तोंड राहिलं नाही. त्याला कागदासाठी तरी मारावं लागलं मला. मी तर फुकटच मारला.

दीपाली : पण का?

सत्यवती : ही साडी बघतेस ना? ही त्यानंच पाठवलेली. तेव्हा घराघरांत भाऊ बहिणींच्या हक्कसोडीच्या सह्या घेत होते. भावानं बहिणीच्या घरी यायचं, साडी-चोळी करायची, चार घास खायचे, आणि बहिणीनं मुकाट्यानं सही करायची. जमीन सोडायची आणि माहेर ठेवायचं, असा तो व्यवहार. मला कळत होता तो. माझी तयारीही होती. मी पुरण घालून ठेवलं होतं त्या दिवशी. आणि आला कोण? तर वाडीतला एक म्हातारा. हातात पिशवी, पिशवीत साडी, साडीच्या घडीत कागद. म्हणे, सदू भाताच्या कापणीत आहे, यायला जमलं नाही. कागद दुसऱ्याच्या हाती पाठवलान गं! स्वतः आला असता तर डोळे मिटून सही केली असती. इतका राग आला मला. साडी ठेवून घेतली आणि कागद कोराच्या कोरा परत पाठवला. मग त्याला राग. मग मला त्याच्या रागाचा राग. पुढं तीस वर्षं कशी गेली, कळलंच नाही.

दीपाली : आणि मला इथं आणलंस ते...

सत्यवती : तू आणलंस मला. मी फक्त बाजू सांगितली. या माणसानं गाडी थांबवली आणि समोर आप्पांनी घातलेला गडगा. आप्पा म्हणजे माझे वडील. खंडू, माझ्याच बापाची जमीन तू माझ्याच पोरीला विकत होतास, आणि तीही नाव झाकून.

खंडू : काकू, मला काय ठाऊक!

दीपाली : ठाऊक कसं असणार, अंगठा नाही का मध्ये? माझ्या आईला मारलंत तुम्ही!

खंडू : मी नाय हो मॅडम. मी नुसता मध्यस्थ.

सत्यवती : त्याला बोलू नको. त्यानं नसतं मारलं तर सदूनं पान नसतं वाढलंन. आणि सदू रडतो हे मला जन्मात कळलं नसतं. दीपा, इतकी वर्षं मला वाटायचं, त्यानं मला केव्हाच पुसून टाकलं असेल. फार एकटं वाटायचं गं. गौरीला शेजारणी माहेरी जायला निघाल्या, की मी आपली डबे घासत बसायची.

दीपाली : माझ्याशी एकदा तरी बोलायचंस ना, आई.

सत्यवती : मेलेल्या भावाबद्दल काय बोलायचं?

खंडू : काकू... आता लहान तोंडी मोठा घास घेतो. तीन वर्षं मी ज्या सहीसाठी वणवण करतोय, ती सही आज माझ्या पंख्याखाली बसलेली हाय. आता खोटे जबाब नकोत, काय नको. कागद तयार हाय. पेन पण हाय.

दीपाली : शरम वाटत नाही तुम्हाला?

खंडू : वाटते ना मॅडम. पण सवय पण हाय.

सत्यवती : पेन ठेव खिशात. फोन लाव.

खंडू : कोणाला? नितेशला?

सत्यवती : नितेशला लाव आणि सदूला दे म्हण.

खंडू : लावतो. पण सांगू काय? नितेश, खंडू बोलतोय. नाय, नाय, गिऱ्हाईक पळालं नाय. उलट... अरे ऐक तर. आत्या मिळाली. तुझी आत्या! दारू कशाला पिऊ रे मी म्हाळाच्या दिवशी? समोर बसल्येय माझ्या. चांगली धडधाकट हाय, मला झाडत्येय. हिरवी साडी... जुन्या जरीची. हां. तुझ्या बाबांना सांग जा, हिरवी साडी. मी धरतो फोन.

दीपाली : काय म्हणतोय?

खंडू : आत गेला सांगायला. मॅडम, वाईट वाटून घेऊ नका, पण एक गोष्ट चांगली झाली बघा. तुम्ही आता शेतकरी घरच्या ठरलात. दुसरी एखादी जागा दाखवू काय? गंगुबाईची...

दीपाली : गप्प बसा हो.

खंडू : हां, हां, सदूभाऊ? मी खंडू. होय. होय, खरंच. हां, बोला... काकू, सदूभाऊ इचारतायत, सही करायला आली का?

सत्यवती : त्याला सांग, मेलेली माणसं सही करत नाहीत.

खंडू : भाऊ, त्या म्हणतायत, मेलेली माणसं सही... हां. हां. काकू, ते म्हणतात, सही नको. चुलीत गेला तो कागद. ते म्हणतात, सहीचं आपलं तोंडातून निघालं, काय बोलावं ते सुचलं नाय.

सत्यवती : पहिल्यापासूनच तो तसा आहे. आणखी काय म्हणतो?

खंडू : म्हणतात, सकाळपासून सगळं घर उपाशी बसलंय. पोरं रडकुंडीला आल्येत. बाकीच्या पानांना कावळा शिवला. तुमच्या पानाला काय केल्या शिवत नाय.

दीपाली : आई, आपण जाऊया? मी गाडी काढते.

सत्यवती : काढ. खंडू, त्याला सांग, कावळ्याची वाट बघू नको म्हणावं. पान आत घे.